गोलियार्ड कवी चर्चच्या घरातलेच होते

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नुकतेच मध्ययुगीन युरोपातील गोलियार्ड कवींवर एक टिपण प्रसिद्ध झाले. बाराव्या-तेराव्या शतकातील लॅटिन उपहासकाव्यासाठी मराठी वृत्तपत्राने अर्धे पान द्यावे, ही माझ्यासारख्या वाचकाला आनंदाची गोष्ट आहे आणि त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. परंतु हे कवी म्हणजे मठांतून पळालेल्या, दारूच्या गुत्त्यांत लोळणाऱ्या आणि धर्माचा द्वेष करणाऱ्या भटक्यांची एक टोळी होती, असे चित्र त्या टिपणात रंगवले आहे, आणि शेवटी त्यांच्या काव्यसंग्रहातील ‘ओ फोर्तुना’ (‘हे दैवा’) हे गीत सैतानाच्या उपासनेतले असल्याचेही सुचवले आहे. ही दोन्ही विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत. त्यांमुळे या कवितांची धार नेमकी कशात आहे हेच वाचकापासून लपून राहते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्या हस्तलिखितामुळे या कवितांची आज जगभर ओळख आहे, त्यापासून सुरुवात करतो. १८०३ साली बव्हेरियात मठांची मालमत्ता सरकारजमा होत असताना आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या बेनेडिक्टबॉयर्न येथील मठाच्या ग्रंथसंग्रहात एक सचित्र पोथी सापडली. ती म्युनिकच्या राजग्रंथालयात नेण्यात आली आणि १८४७ मध्ये योहान आंद्रेआस श्मेलर या ग्रंथपालाने तिचे मुद्रित रूप प्रसिद्ध करताना तिला ‘कार्मिना बुराना’, म्हणजे बॉयर्नची गीते, असे नाव दिले. पोथी आजही म्युनिकमध्येच आहे. ती १२३० च्या सुमारास, बहुधा टायरॉल किंवा स्टायरिया या आल्प्समधील प्रदेशांत कुठेतरी लिहिली गेली, आणि तिच्यात अडीचशेच्या वर रचना आहेत. बहुतेक लॅटिनमध्ये, काही त्या काळच्या जर्मनमध्ये. सुरुवातीला नीतिपर आणि उपहासात्मक कविता, मग प्रेमगीते, मग मद्याची आणि फाशांची गाणी, असा तिचा क्रम आहे. आपल्या टिपणात जे आले नाही ते असे की, त्याच पोथीत ख्रिस्तजन्माचे लॅटिन नाटक आहे आणि पुढे तिच्यातच ख्रिस्ताच्या दुःखसहनाची नाटकेही उतरवून घेण्यात आली. कमावलेल्या कातड्याची पाने, रंगीत चित्रे आणि काही कवितांवर गायनाच्या खुणा असलेला असा ग्रंथ तयार करवून घेणे त्या काळी पैसा, लेखनिक आणि ग्रंथसंग्रह हाताशी असलेल्या धर्मसंस्थेलाच शक्य होते. ज्यांनी तो लिहवून घेतला त्यांना जुगाऱ्यांची गाणी आणि बाळ येशूचे नाटक एकाच बांधणीत ठेवण्यात काही वावगे वाटले नाही, हे गोलियार्डांना धर्मद्वेष्टे ठरवण्याआधी ध्यानात घ्यायला हवे होते.

हे कवी होते कोण? बाराव्या शतकात पॅरिस, शार्त्र, ऑर्लेआँ, रॅन्स येथील कॅथेड्रलांच्या शाळा भरभराटीला आल्या होत्या, कायदा शिकायचा तर इटलीत बोलोन्याला जावे लागे, आणि चांगल्या गुरूच्या शोधात विद्यार्थी एका गावाहून दुसऱ्या गावी जात. शाळेत शिकणारा बहुतेक प्रत्येक जण टाळूवरचे केस गोल भादरून घेऊन धर्मसेवकांच्या वर्गात गणला जाई. त्याला धर्मगुरूची पूर्ण दीक्षा मिळालेली असेच असे नाही, पण त्याच्यावर खटला झाला तर तो राजाच्या नव्हे, चर्चच्या न्यायासनापुढे चाले. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५८ मध्ये विद्येसाठी परमुलखात हिंडणाऱ्यांना संरक्षण देणारा हुकूम जाहीर केला, यावरून ही वर्दळ किती नित्याची झाली होती ते लक्षात येते. अडचण सुरू होई ती शिक्षण संपल्यावर. उत्पन्न जोडलेली धर्मपदे मोजकी होती, ती बिशपांच्या पुतण्या-भाच्यांना किंवा पैसे मोजणाऱ्यांना आधी मिळत, आणि वशिला नसलेला विद्वान व्हर्जिल आणि ओव्हिड हे रोमन कवी मुखोद्गत असूनही कुणा श्रीमंत धर्माधिकाऱ्याच्या दारात थंडीसाठी अंगरखा मागत उभा राही. गोलियार्डांच्या उपहासाचा उगम या विद्वत्तेत आणि या उपेक्षेत आहे. गुत्ता हे त्यातले एक ठिकाण आहे, एवढेच.

ऑर्लेआँचा ह्यू, ज्याला त्याचे समकालीन ‘प्रीमास’ म्हणजे अग्रगण्य म्हणत, याची अंगरख्यावरची कविता या संदर्भात वाचण्यासारखी आहे. एका बिशपने त्याला ऐन हिवाळ्यात आतून लोकरी अस्तर नसलेला झगा दिला. ह्यूने सहा गणांच्या लॅटिन ओळींत, ओळीच्या मध्यावर आणि शेवटी यमक जुळवत, त्या बिशपला बिशपांच्या पंक्तीवरचा फेस आणि धर्मसेवकांच्या तळाचा गाळ म्हटले आहे. शिव्या कडक आहेत, पण छंद निर्दोष आहे. छंदाच्या त्या शिस्तीमुळेच शिवी दहा गावे पुढे गेली, कारण लॅटिन शिकलेला माणूस ती एकदा ऐकली की विसरत नसे.

याउलट लील येथे जन्मलेला शातिलोंचा वॉल्टर हा कुठल्याही अर्थाने उनाड नव्हता. त्याने अलेक्झांडरच्या जीवनावर दहा सर्गांचे लॅटिन महाकाव्य लिहिले आणि ते पुढे शाळांतून पाठ्यग्रंथ म्हणून शिकवले गेले. हाच वॉल्टर चार चरणांच्या कडव्यात पहिल्या तीन चरणांत आपल्या काळच्या धर्माधिकाऱ्यांना झोडपतो आणि चौथा चरण होरेस, ओव्हिड किंवा जुव्हेनाल यांच्या काव्यातून जसाच्या तसा उचलून ठेवतो, म्हणजे जणू हजार वर्षांपूर्वीचा कवीच त्याच्या बाजूने साक्ष देत आहे. रोम हे जगाचे मस्तक खरे, पण त्या मस्तकात निर्मळ असे काहीच मावत नाही, असा आशय असलेली प्रसिद्ध कविता त्याचीच मानली जाते. पॅरिसच्या नोत्र दामचा चान्सलर फिलिप, ज्याच्या हाती १२१७ पासून १२३६ पर्यंत त्या शहरातील अध्यापनाचे परवाने होते, त्याच्याही रचना कार्मिना बुरानामध्ये आहेत. शहरातल्या शिक्षणाची सूत्रे हाती असलेल्या अशा माणसाला भटक्यांच्या टोळीत कसे बसवायचे? एकोणिसाव्या शतकातील वाचकांना खांद्यावर वाद्य आणि हातात चषक घेतलेल्या स्वच्छंद विद्यार्थ्यांचा एक संप्रदाय हवा होता, म्हणून त्यांनी तो या कवितांतून उभा केला. भटक्यांच्या संघाची नियमावली सांगणारी एक कविता संग्रहात आहे खरी, पहाटेच्या प्रार्थनेला उठू नये आणि कोणी दोन अंगरखे बाळगू नयेत असे नियम तीत आहेत. पण ती मठांच्या नियमावलीचे विडंबन आहे. तिला दप्तरातला पुरावा मानून चालणार नाही.

या सर्वांत मला सर्वाधिक प्रिय असलेला कवी म्हणजे ज्याचे खरे नाव कुणालाच माहीत नाही तो ‘आर्चिपोएता’, आद्यकवी. बार्बारोसाचा मुख्य चान्सलर आणि कलोनचा नियोजित आर्चबिशप राइनाल्ड फॉन डासेल हा त्याचा आश्रयदाता होता. त्याच्या फक्त दहा कविता शिल्लक आहेत. सम्राटाच्या इटलीतील मोहिमेवर आठवड्याभरात महाकाव्य लिहून दे, अशी राइनाल्डने त्याला आज्ञा केली तेव्हा, जे व्हर्जिल आणि लुकान यांना पाच वर्षांतही साधले नसते ते मला सात दिवसांत करायला सांगता, असे उत्तर त्याने पद्यातच दिले. दुसऱ्या एका कवितेत तो स्वतःला माशाच्या पोटात अडकलेला योना म्हणवतो आणि आश्रयदात्याने आज्ञा केली तर मासा आपल्याला ओकून टाकील, अशी विनवणी करतो. बायबलातील कथा हाताशी घेऊन धन्याची मनधरणी करणे आणि त्याच वेळी त्याला किंचित टोचणे, ही त्याची खास रीत आहे.

पण त्याची कीर्ती आहे ती पापनिवेदनाच्या कवितेवर. ११६३ च्या सुमारास इटलीतील पाविया या शहरात लिहिलेली ही कविता तेरा अक्षरांच्या चरणांत, सात आणि सहा अशा यतीने, चार-चार चरणांची एकयमकी कडवी रचत जाते. कवीवर तीन आरोप आहेत: बाईचा नाद, जुगार आणि गुत्ता. तो ते नाकारत नाही. आगीत उभा केलेला भाजणार नाही का, असे विचारून तो पुढे म्हणतो की, ग्रीक कथेतील ब्रह्मचारी हिप्पोलितुसला आज पावियात आणून ठेवा, उद्या तो हिप्पोलितुस राहिलेला नसेल. उपाशीपोटी आणि एकांतात लिहिणाऱ्या कवींचा तो मान राखतो, मात्र स्वतःला पेला हाती आल्याशिवाय ओळ सुचत नाही आणि सुचली की ती ओव्हिडच्याही पुढे जाते, असे सांगतो. मग ते प्रसिद्ध कडवे येते: आपल्याला मरण गुत्त्यात यावे, मरणाऱ्याच्या ओठांशी मद्य असावे, म्हणजे देवदूतांचे वृंद आनंदाने गातील, ‘देवा, या पिणाऱ्यावर दया कर.’

बायबलातील लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवून घेणारा जकातदार ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ असे म्हणतो, हे आद्यकवीच्या प्रत्येक श्रोत्याला पाठ होते. लॅटिनमध्ये ‘पाप्यावर’ आणि ‘पिणाऱ्यावर’ या दोन शब्दांत फरक जेमतेम दोन-तीन अक्षरांचा आहे, तेव्हा श्रोता हसला असणार यात शंका नाही. मात्र त्या जकातदाराच्या कथेचा शेवट विसरून चालणार नाही: स्वतःला नीतिमान समजणाऱ्या परूश्यापेक्षा तोच न्यायी ठरून घरी गेला, असे येशूने सांगितले आहे. आद्यकवी दारुड्याला त्या जकातदाराच्या जागी उभा करतो आणि आरोप करणाऱ्यांना आपोआप परूश्यांच्या जागी नेऊन ठेवतो. कवितेच्या उत्तरार्धात, तुमच्यातला जो निष्पाप असेल त्याने मला दगड मारावा, असे योहानच्या शुभवर्तमानातले आव्हानही तो देतो आणि अखेरीस आपल्या धर्माधिकाऱ्याकडे क्षमा मागतो. ही क्षमायाचना खोटी आहे असे मला वाटत नाही. ज्याला पापनिवेदनाचा संस्कार इतक्या बारकाईने ठाऊक आहे, त्यालाच त्यावर असे लिहिता येते.

धर्मग्रंथाच्या आधारे चर्चलाच जाब विचारण्याचे सर्वांत धारदार उदाहरण म्हणजे कार्मिना बुरानातील चव्वेचाळिसावी रचना, ‘चांदीच्या मार्ककृत शुभवर्तमान’. मार्क हे शुभवर्तमानकाराचे नाव आणि त्या काळी चांदी तोलण्याचे मापही. ही रचना गद्यात आहे, छोटी आहे, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य बायबलातून उचललेले आहे. पोप रोमकरांना सांगतो की, मनुष्याचा पुत्र आपल्या सिंहासनाकडे आला तर त्याला प्रथम विचारा, ‘मित्रा, तू कशासाठी आलास?’ आणि काही न देता तो दार ठोठावीत राहिला तर त्याला बाहेरच्या अंधारात टाकून द्या. मग एक गरीब धर्मसेवक दरबारात येतो आणि द्वारपालांपुढे गयावया करतो. द्वारपाल संतापून म्हणतात, ‘सैताना, माझ्या मागे हो, कारण पैशाला जे रुचते ते तुला कळत नाही, शेवटची दमडी देईपर्यंत तू आपल्या धन्याच्या आनंदात प्रवेश करणार नाहीस.’ तो जाऊन झगा, तलवार आणि होते नव्हते ते सारे विकतो आणि ते पैसे कार्डिनल, द्वारपाल आणि खजिनदार यांच्यापुढे ठेवतो. ते म्हणतात, ‘इतक्या जणांना हे कसे पुरणार?’ त्याला हाकलून देतात, आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडतो.

ही वाक्ये मुळात कुणाची आहेत ते पाहावे. ‘मित्रा, कशासाठी आलास’ हे येशू गेथशेमानेच्या बागेत त्याला पकडून देणाऱ्या यहूदाला म्हणतो. ‘इतक्यांना हे कसे पुरणार’ हे पाच भाकरी आणि दोन मासे पाहून अंद्रिया म्हणतो, आणि त्यानंतर पाच हजार लोक पोटभर जेवतात. बाहेर जाऊन रडतो तो येशूला तीनदा नाकारल्यानंतरचा पेत्र, ज्याच्या आसनावर बसण्याचा पोपांचा दावा आहे. म्हणजे या छोट्या गोष्टीत पेत्राच्या वारसांच्या दारात पेत्रासारखे रडावे लागते ते एका निर्धन माणसाला, आणि भाकरी वाढण्याऐवजी खिसा रिकामा होतो. त्यानंतर एक श्रीमंत, लठ्ठ, मातलेला धर्मसेवक येतो, ज्याने दंगलीत खून केलेला आहे. तो आधी द्वारपालाचे, मग खजिनदाराचे, मग कार्डिनलांचे हात ओले करतो. आपल्या माणसांना इतके मिळाल्याचे ऐकून पोप मरणाच्या दारी पोहोचतो. श्रीमंत त्याला सोन्या-चांदीचे चाटण पाठवतो आणि पोपला तत्काळ आराम पडतो. मग पोप सर्वांना बोलावून सांगतो, ‘मी तुम्हांला उदाहरण घालून देत आहे, जसे मी घेतो, तसे तुम्हीही घ्यावे.’

हे शेवटचे वाक्य योहानच्या तेराव्या अध्यायातील आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतल्यावर येशू सांगतो की, जसे मी तुम्हांला केले तसे तुम्हीही करावे, म्हणून मी तुम्हांला उदाहरण घालून दिले आहे. पवित्र गुरुवारी आमच्या वसईतल्या चर्चांतही धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात आणि हाच उतारा वाचला जातो. ज्याने लाच घेण्याच्या उपदेशासाठी नेमके हे वाक्य निवडले, त्याच्या मनात येशूविषयी तुच्छता असती तर या निवडीला काही अर्थच उरला नसता. सेवेचे ते उदाहरण त्याला पवित्र वाटते, म्हणूनच त्याचा असा उपयोग झालेला दाखवला की वाचकाच्या अंगावर काटा येतो. हा घरचा आहेर आहे आणि बाहेरच्या माणसाच्या शिव्यांपेक्षा तो कितीतरी जड आहे. रोमच्या दरबारात दाद मागायची तर प्रत्येक पायरीवर पैसे मोजावे लागतात, ही तक्रार त्या काळच्या अत्यंत धर्मनिष्ठ माणसांनीही गंभीरपणे लिहून ठेवली आहे. क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी तर पोप तिसरे यूजीन यांना उद्देशून लिहिलेल्या ग्रंथातच दरबारातल्या लोभाबद्दल त्यांना सावध केले होते. तक्रार एकच होती, विनोदाने ती विद्यार्थ्यांच्या तोंडी बसवली.

मिस्सा म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधी. कार्मिना बुरानात तिचे विडंबन करणारी जुगाऱ्यांची मिस्सा आहे, तिलाही हेच लागू पडते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागली, त्यापूर्वी ती आमच्याकडे लॅटिनमध्ये होत असे, आणि लहान वेदीसेवक म्हणून मी ‘दोमिनुस व्होबिस्कुम’ या धर्मगुरूंच्या शब्दांना ‘एत कुम स्पिरितू तुओ’ हे उत्तर इतरांबरोबर देत असे. पुढे अनेक वर्षांनी जुगाऱ्यांची ही मिस्सा वाचली तेव्हा ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ या जागी ‘फसवणूक तुमच्यावर येवो’ आणि उत्तरात ‘लुब्र्या, तुझ्यावरही’ असे शब्द पाहून मी थबकलो, कारण मूळ शब्दांची लय माझ्या कानात अजून ताजी होती. आरतीची चाल गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते म्हणूनच तिच्यावर रचलेले विडंबन पहिल्या ओळीला कळते. या मिस्सेचे तसेच आहे. ‘आपण सर्व प्रभूमध्ये आनंद करू या’ हे सणाच्या मिस्सेचे प्रवेशगीत, आणि जुगारी ते ‘आपण सर्व फाशांच्या देवापायी शोक करू या’ असे गातात, कारण त्यांच्या अंगावरचे कपडेही डावात गेले आहेत. इथे टिंगल आहे ती मिस्सेची नसून कपडे गमावून उघड्या पडलेल्या, तरीही फाशांपुढे भक्तिभावाने बसणाऱ्या माणसाची.

याच पोथीतील गुत्त्याच्या प्रसिद्ध गाण्यात कुणासाठी किती पेले प्यायचे याची यादी आहे, ती गुड फ्रायडेच्या मध्यस्थीच्या प्रार्थनांवर बेतलेली दिसते: एकदा बंदिवानांसाठी, तीनदा जिवंतांसाठी, चारदा सर्व ख्रिस्तजनांसाठी, पाचदा श्रद्धेत मरण पावलेल्यांसाठी, दहादा समुद्रावर असलेल्यांसाठी, तेरादा वाटसरूंसाठी. मग पिणाऱ्यांची रांग येते आणि तिच्यात धनी-धनीण, शिपाई, धर्मसेवक, गरीब, आजारी, परागंदा, अनोळखी, पोर, म्हातारा, बिशप आणि डीन एकाच तालावर पितात. वाटसरू, परागंदा आणि अनोळखी माणसाची आठवण ठेवणाऱ्या या गाण्याला नुसते दारूचे गाणे म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

चर्चने हे सारे हसून सोडून दिले, असेही नाही. ११४० च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी तत्त्वज्ञ अबेलार्डला गोलियाथ म्हटले होते, आणि दाविदाने मारलेल्या त्या राक्षसाच्या नावावरून ‘बिशप गोलियास’ हा काल्पनिक कवी उभा राहिला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच्या नावावर इतक्या कविता खपू लागल्या की, १२२० च्या सुमारास वेल्सच्या जेराल्ड या धर्मसेवक लेखकाला तो खरोखर हयात असलेला माणूस वाटला. विद्वान पण वळण नसलेला असे त्याचे वर्णन करून, पोप आणि रोमच्या दरबारावर त्याने लिहिलेल्या ओळींबद्दल जेराल्डने संताप व्यक्त केला आहे. १२२७ मध्ये ट्रियर येथील धर्मसभेने भटक्या विद्यार्थ्यांना आणि गोलियार्डांना मिस्सेतील ‘सांक्तुस’ आणि ‘आग्नुस देई’ या भागांवर पदे गाऊ देऊ नयेत, असे धर्मगुरूंना बजावले. या बंदीवरूनच कळते की, तोवर ते चर्चमध्ये, वेदीसमोर गात होते. १२३१ मध्ये फ्रान्समधील धर्मसभांनी गोलियासच्या कुळातले म्हणवणाऱ्या उनाड धर्मसेवकांची डोकी सफाचट करण्याचा आदेश दिला, म्हणजे टाळूवरची गोल खूण पुसली जावी. १२९८ मध्ये पोप आठवे बोनिफास यांच्या विधिसंग्रहात नियम आला की, जो धर्मसेवक वर्षभर भाट, गोलियार्ड किंवा विदूषकाचा धंदा करील, त्याचे धर्मसेवकाचे सर्व विशेषाधिकार आपोआप संपतील. जे मुळात बाहेरचे आहेत त्यांच्याकडून काढून घेण्यासारखे असे काहीच नसते.

या सर्व कविता निर्मळ आहेत, असा माझा दावा नाही. शेतकऱ्याला जनावर समजून त्याची टवाळी करणाऱ्या रचना या शिकलेल्या वर्गाने भरपूर केल्या, आणि प्रेमगीतांच्या भागात काही ठिकाणी स्त्रीवरचा अत्याचार गमतीचा विषय म्हणून येतो. तो भाग वाचताना आज मनस्ताप होतो आणि तो झालाच पाहिजे. टीका करायची तर ती इथे करण्यासारखी होती. आपल्या टिपणाने मात्र त्याविषयी मौन पाळून भलत्याच गोष्टीचा ठपका ठेवला.

‘ओ फोर्तुना’विषयी आता फार लिहिण्याची गरज नाही. हे गीत संग्रहाच्या नीतिपर भागातले, सतरावे आहे, आणि चंद्राप्रमाणे सतत वाढणाऱ्या व घटणाऱ्या दैवाबद्दलचा तो विलाप आहे. दैवाचे चाक ही कल्पना मध्ययुगाला प्रामुख्याने बोएथियुसकडून मिळाली. ५२४ च्या सुमारास देहदंड झालेल्या या विचारवंताने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ चर्चच्या शाळांतून शतकानुशतके शिकवला जात होता. पोथीत याच चाकाचे एक सुंदर चित्र आहे, जे नंतरच्या बांधणीत पहिल्या पानावर आले. मध्यभागी दैवदेवता बसली आहे आणि चाकाभोवती चार जागी राजा आहे: वर चढताना ‘राज्य करीन’, माथ्यावर ‘राज्य करतो’, खाली घसरताना ‘राज्य केले’ आणि तळाशी पडल्यावर ‘राज्य उरले नाही’ असे तो म्हणतो. यात सैतान कुठेही नाही. जे संगीत चित्रपटांतून आणि जाहिरातींतून भीती दाखवण्यासाठी वापरले जाते, ते जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ याचे आहे. त्याने संग्रहातील चोवीस रचना निवडल्या आणि त्याच्या कृतीचा पहिला प्रयोग १९३७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे झाला. पोथीतील स्वरखुणा रेघांशिवाय लिहिलेल्या असल्याने त्यांवरून मूळ चाल सहजी उलगडत नाही, आणि ऑर्फने ती वापरलीही नाही. त्याच्या ढोलांचा आणि समूहस्वरांचा जो दरारा आहे तो विसाव्या शतकातला आहे. तो तेराव्या शतकातील धर्मसेवकांच्या माथी मारू नये.

माझी आपणास विनंती एवढीच की, येत्या पुरवणीत या दोन विधानांची दुरुस्ती छापावी. शक्य झाल्यास, लॅटिन जाणणाऱ्या कुणा अभ्यासकाकडून, इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय, आद्यकवीचे पापनिवेदन आणि चांदीच्या मार्ककृत शुभवर्तमान या दोन रचनांचे मराठी भाषांतर करून घ्यावे आणि प्रत्येक उताऱ्याशेजारी ज्या बायबल-वचनावर तो बेतला आहे ते वचनही छापावे, कारण ते वचन ठाऊक नसलेल्या वाचकाला या विनोदातला अर्धा भाग दिसणारच नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात लॅटिन मिस्सेच्या काळात वाढलेली आणि ती भाषा वाचू शकणारी माणसे अजून आहेत, पण ती आता वयस्कर झाली आहेत, तेव्हा हे काम शक्य तितक्या लवकर हाती घेतलेले बरे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, वसई